हायवेलगतचा फ्लॅट, तुटलेली झोप आणि "सवय होईल" म्हणणारी माणसं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत सांगते. तुमचं वय 34, चौदा महिन्यांपूर्वी पुण्यात पेठेतल्या आतल्या गल्लीतलं भाड्याचं घर सोडून नऱ्ह्याला स्वतःच्या टू बीएचकेमध्ये आलात, चौथा मजला, मास्टर बेडरूमची खिडकी सरळ बायपासवर उघडते. कात्रजच्या नवीन बोगद्यातून उतारावर येणारे कंटेनर, त्यांचे ब्रेक, नवले पुलाकडे वाजणारे प्रेशर हॉर्न, हे रात्रभर. अकराला झोपता, दोन-अडीचला जाग येते, मग पहाटे पाचपर्यंत हॉर्न मोजत पडून राहता. दिवसा घरून काम, मीटिंगमध्ये हॉर्न वाजला की छातीत धडधड. चार वर्षांच्या मुलीवर हात उचललात आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलात. मिस्टर म्हणतात तू फार मनाला लावून घेतेस, सवय होईल. मागच्या खोलीत सासूबाई आणि मुलगी झोपतात, त्यांना काही त्रास नाही. तुमचा प्रश्न असा की हा खरंच आवाजाचा त्रास आहे की माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय, आणि फ्लॅट विकून टाकावा का.

आधी उत्तर देऊन टाकते, कारणं मग सांगते. आवाजामुळे हे सगळं होऊ शकतं. तुम्हाला वेड लागत नाहीये. "सवय होईल" हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं खोटं आहे त्याचाच त्रास तुम्हाला होतोय. फ्लॅटचा निर्णय मात्र आत्ता घेऊ नका, का ते शेवटी सांगते.

मी बावीस वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करतेय, क्लिनिक सिंहगड रोडच्या बाजूला, त्यामुळे वडगाव, धायरी, नऱ्हे, वारजे इकडचे पेशंट जास्त. आवाजाचा त्रास होतो म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही. लोक येतात ते डोकं जड राहतं, ॲसिडिटी जात नाही, कामात लक्ष लागत नाही, नवऱ्याशी सारखी भांडणं होतात असं सांगत, आणि सगळ्या तपासण्यांच्या फाइली नॉर्मल असतात. बरीच वर्षं मी पण ते विचारत नव्हते, आता पहिल्याच भेटीत विचारते, बेडरूमची खिडकी कुठे उघडते? कितीतरी वेळा पेशंट थांबतो, विचार करतो आणि मग म्हणतो हो मॅडम, त्या घरात गेल्यापासूनच सुरू झालंय. म्हणजे प्रत्येक वेळी कारण तेच असतं असं अजिबात नाही, पण विचारलंच नाही तर सापडणार तरी कसं.

आता सवयीचं बघू. माणसाला आवाजाची सवय होते हे खरं आहे, नव्या घरात पहिल्या आठवड्यात जेवढ्या वेळा दचकून उठतो तेवढ्या वेळा सहाव्या महिन्यात उठत नाही. पण झोपेच्या लॅबमध्ये माणसांना वायरी लावून, रात्री गाड्यांचे आवाज ऐकवून जे अभ्यास झालेत त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीय. माणूस जागा व्हायचा कमी होतो, पण हृदयाचे ठोके प्रत्येक गाडीला वाढायचे ते वाढतातच, रात्रीमागून रात्री. मेंदूचा जो भाग धोका ओळखतो, अमिग्डाला म्हणतात त्याला, तो झोपेत बंद होत नाही. होऊन चालणारही नाही, रानात झोपणाऱ्या माणसाला तोच वाचवायचा. कानाला झाकण नाही, डोळ्यासारखं मिटता येत नाही. त्यामुळे हॉर्न वाजला की तुम्ही झोपेत असलात तरी आत ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही सगळी धावपळीची यंत्रणा थोडी थोडी सुरू होते आणि गाढ झोप उथळ होते. म्हणून कितीतरी जणी सकाळी म्हणतात मी सात तास झोपले पण अंग असं का चेचल्यासारखं वाटतंय. तुमचे मिस्टर घोरत झोपतात म्हणून त्यांच्या शरीराला काही होत नाही असं समजू नका, त्यांचं बीपी वर्षातून एकदा बघायला सांगा. रस्त्याच्या आवाजाचा आणि हृदयविकाराचा संबंध मनाच्या आजारांपेक्षाही जास्त पक्का सिद्ध झालेला आहे.

झोप तुटली की मनाचं काय होतं हे तुम्ही रोज अनुभवताय, तरी एक प्रयोग सांगते. 2007 साली अमेरिकेत तरुण मुलांना साधारण 35 तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली आणि मेंदूचा स्कॅन केला, तर झोपलेल्यांच्या मानाने त्यांचा अमिग्डाला 60 टक्के जास्त भडकत होता, आणि त्याला आवर घालणारा पुढचा मेंदू त्याच्यापासून तुटल्यासारखा वागत होता. तुमची तर एक रात्र नाही, चौदा महिने झालेत, रोज थोडी थोडी. मुलीने दूध सांडलं आणि हात उचलला गेला. तुम्ही लिहिलंय मी वाईट आई आहे. मी तसं मानत नाही. ज्या आवरण्याच्या जोरावर आपण रोज शंभर वेळा राग गिळतो ते आवरणं झोपेतून तयार होतं आणि तुमच्याकडे ते शिल्लकच नाहीये. हात उचलणं बरोबर ठरत नाही त्याने, पण दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्या आवाजापुढे आपलं काही चालतं की नाही, याने मनाला जास्त फरक पडतो. 1970 च्या आसपास ग्लास आणि सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर फार छान प्रयोग केले. लोकांना कर्कश्श आवाजात, कधी वाजेल ते कळणार नाही अशा पद्धतीने काम करायला लावलं. त्यातल्या काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर हे दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, म्हणजे आवाज दोघांनीही तेवढाच ऐकला. पण नंतर शांततेत कोडी सोडवायला दिली तर बटण नसलेली माणसं लवकर हात टेकत होती, चुका जास्त करत होती, आणि बटण असलेली चिकाटीने बसत होती. नुसतं बटण आहे या जाणिवेने एवढा फरक. आणि एक, ठरावीक वेळाने वाजणाऱ्या आवाजापेक्षा अवचित वाजणाऱ्या आवाजाने जास्त नुकसान होत होतं.

हे वाचलं तेव्हा मला माझं लहानपण आठवलं. मी भुसावळला रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले, वडील रेल्वेत, घरापासून रूळ दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर. रात्री मालगाड्या जायच्या, शंटिंगचे धक्के, शिट्ट्या, भांडी थरथरायची, आणि आम्ही भावंडं ढाराढूर झोपायचो. आई आवाजावरून सांगायची ही अमुक गाडी, आता तासाभरात बाबा येतील. गाडीची वेळ ठरलेली होती, तो आवाज आमचा होता, त्यातून बाबा घरी यायचे. आणि तीच मी लग्नानंतर पहिली दोन वर्षं चौकातल्या घरात राहिले तर रात्री एका बुलेटच्या फटफटाटाने दचकून उठायचे आणि तासभर रागाने थरथरायचे. ट्रेनच्या मानाने बुलेटचा आवाज कितीसा. पण तो कोणीतरी मुद्दाम केलेला होता, कधी येईल माहीत नव्हतं आणि मी काही करू शकत नव्हते. म्हणून तुम्ही हॉर्न मोजत पडता तेव्हा नक्की काय होतं ते मला कळतं. पुढचा कधी वाजेल याची वाट बघणं म्हणजे मेंदूने पहारा लावलाय, आणि पहाऱ्यावरचा माणूस झोपत नसतो.

जर्मनीत माइन्झ शहराच्या परिसरात पंधरा हजार लोकांचा मोठा अभ्यास झाला, 2016 साली छापून आला. आवाजाने अतिशय वैताग येतो असं सांगणाऱ्यांमध्ये डिप्रेशन आणि ॲंग्झायटीचं प्रमाण वैताग नसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर अशा अभ्यासातून आधी कोंबडी का अंडं हे ठरत नाही, आधीच उदास असलेल्या माणसाला आवाज जास्त टोचतो हेही खरं असतं. मला क्लिनिकमध्ये दोन्ही बाजू दिसतात आणि त्या एकमेकींना खतपाणी घालतात, आवाजाने झोप जाते, झोप गेल्याने मन हळवं होतं, हळव्या मनाला आवाज दुप्पट लागतो. काही माणसं जात्याच आवाजाला जास्त संवेदनशील असतात, मायग्रेनवाले तर हमखास, आणि तो स्वभावदोष नाही, कोणाची त्वचा नाजूक असते तसंच. मिस्टरांना हे वाचायला द्या. "मनाला लावून घेतेस" हे वाक्य घरातून बंद झालं तरी थोडं ओझं उतरेल, कारण त्रास होतो तो होतोच, वर तो खरा आहे हे पटवत बसायचं म्हणजे दुसरी ड्यूटी.

आकड्यांचं थोडं सांगते, कारण फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवून देणारे लोक, यात फार फसवतात. डेसिबल हे किलो-मीटरसारखं सरळ माप नाही. 10 डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं, आणि रस्त्यावरची वाहनं निम्मी झाली तरी फक्त 3 डेसिबल कमी होतात. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये युरोपसाठी रस्त्याच्या आवाजाची रात्रीची मर्यादा 45 च सांगितली, घराबाहेर मोजलेली. पण हे सगळे सरासरीचे आकडे आहेत आणि सरासरीत हॉर्न लपतात. तुमची झोप मोडते ती एकेका टोकाच्या आवाजाने. बेडरूमच्या आत एकेक आवाज 45 च्या वर जाऊ नये असं याच संघटनेने 1999 मध्ये सांगून ठेवलंय. आता हिशेब करा, खिडकीबाहेर हॉर्न 80 ला पोचला तर उघड्या खिडकीतून साधारण 65 आत येतो, आणि नीट घट्ट बंद होणाऱ्या खिडकीतून 50 च्या आसपास. 65 आणि 50 यात काय फरक असतो ते एक रात्र काढली की कळतं.

म्हणून आता काय करायचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय तुमच्या घरात आधीच आहे, मागची खोली. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला यावर बरंच काम झालंय, घराला एक शांत बाजू असेल आणि झोपायची खोली त्या बाजूला असेल तर तेवढ्याच गजबजलेल्या रस्त्यावरच्या लोकांचा त्रास बराच कमी होतो. आपल्याकडे अडचण आवाजाची नसते, मास्टर बेडरूम नवरा-बायकोची आणि मागची आईंची असं वाटप झालेलं असतं आणि ते हलवायचं म्हटलं की सगळ्यांना अवघड होतं. सासूबाईंना हायवेकडच्या खोलीत पाठवा असं मी मुळीच म्हणत नाही, त्यांच्या वयात बीपीचा प्रश्न जास्त. पण पुढचे दोन महिने तुम्ही आठवड्यातले चार-पाच दिवस मागच्या खोलीत त्यांच्याजवळ आणि लेकीजवळ गादी घालून झोपा. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. आजी-आई-नात एका खोलीत झोपणं आपल्याकडे काही नवीन नाही, आणि माझा अनुभव असा की खरं कारण शांतपणे सांगितलं तर बहुतेक सासवा बायकांच्या झोपेचं दुखणं मुलांपेक्षा पटकन समजतात, त्यांनी स्वतः ते सोसलेलं असतं. तुमचं ऑफिसचं टेबल आणि लेकीचं अभ्यासाचं टेबल पण हायवेच्या बाजूने हलवा. पुढची खोली कपाटं, इस्त्री, टीव्ही याला राहू दे.

लेकीचं टेबल म्हटलं ते उगीच नाही. 1975 साली न्यूयॉर्कमध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी एका शाळेतला अभ्यास छापला, शाळेला खेटून उन्नत रेल्वेमार्ग, त्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात शांत बाजूच्या वर्गांच्या मागे पडलेली, सहावीपर्यंत तर जवळजवळ वर्षभर मागे. पुढे रुळांखाली रबरी पॅड घातले, वर्गाच्या छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स लावल्या, आणि नंतर पुन्हा तपासलं तर तो फरक गेलेला. मला हा अभ्यास फार आवडतो कारण नुकसान भरून निघालेलं त्यात दिसतं. बार्सिलोनातल्या 38 शाळांच्या 2022 च्या अभ्यासातही रस्त्याचा आवाज जास्त असलेल्या शाळांमधल्या मुलांची कामापुरती स्मरणशक्ती आणि लक्ष सावकाश वाढताना दिसलं. तुमच्या लेकीच्या कानाला घरात बसून काही होणार नाही, बहिरेपणाची भीती काढून टाका, त्यासाठी लागणारी पातळी फार वर असते. ती मागच्या खोलीत झोपतेय हे उत्तमच आहे.

खिडकीबद्दल. बिल्डरने दिलेली दोन ट्रॅकची ॲल्युमिनियम स्लायडिंग असेल तर ती बंद करूनही बंद नसते, खालच्या रुळातून आणि मधल्या जोडातून आवाज पाण्यासारखा आत येतो. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. रात्री खिडकीच्या कडेने हात फिरवा, वारा लागेल तिथे फट आहे. आधी त्या फटी भरा, ब्रशची पट्टी, रबर, फ्रेम आणि भिंतीच्या मध्ये सिलिकॉन, एसीच्या पाइपचं भोक, हे सगळं काही हजारांत होतं. मग पैसे असतील तर स्लायडिंगच्या जागी दाराप्रमाणे उघडणारी, रबर गॅस्केटवर दाबून बसणारी केसमेंट खिडकी आणि लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असलेली. "डबल ग्लास घ्या मॅडम, एकदम सायलेंट" असं म्हणून बारीक गॅपची जोडकाच गळ्यात मारतात, ती उष्णतेला चांगली आहे पण ट्रकच्या घरघरीला म्हणजे जाड आवाजाला तिचा म्हणावा तेवढा उपयोग होत नाही. त्यापेक्षा जुनी खिडकी ठेवून आतल्या बाजूने चार-पाच इंच अंतर सोडून दुसरी खिडकी बसवली तर जास्त फरक पडतो. जाड पडदे, भिंतीला फोम, अंड्यांचे ट्रे, यावर पैसे घालवू नका, त्याने खोलीतल्या आवाजाचं घुमणं कमी होतं, बाहेरचा आवाज अडत नाही. आणि बंद खिडकीत एप्रिल-मे मध्ये काय होणार हे आधीच ठरवा, पंखा, एसी, मागच्या बाजूची खिडकी उघडी, नाहीतर पहिल्याच गरम रात्री ती महागडी खिडकी उघडली जाते आणि सगळं मुसळ केरात.

कानात घालायचे फोमचे बोळे, इअरप्लग, हे लोक चुकीचे घालतात आणि उपयोग नाही म्हणून फेकून देतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. पाकिटावर 30 डेसिबल लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात साधारण निम्मं मिळतं, पण 15 डेसिबल म्हणजे कमी नाही. कानात मळ, दुखणं, पू असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. इअरफोन घालून झोपू नका. आईला भीती असते की लेक उठली, रडली तर कळणार नाही, आणि त्या भीतीनेच झोप लागत नाही, म्हणून रात्री वाटून घ्या. आज मिस्टरांचा कान जागा, उद्या तुमचा. ज्या रात्री तुमची पाळी नाही त्या रात्री बोळे घालून निवांत. ही पाळी तोंडी नाही, कॅलेंडरवर लिहून. आणि पंखा मुद्दाम थोडा जास्त वेगाने लावून बघा, त्याचा एकसुरी आवाज मधल्या हॉर्नची धार कमी करतो.

आता झोपेचं. तुमचा मेंदू आता पलंग म्हणजे हॉर्न मोजायची जागा असं शिकलाय, आणि घर बदललं तरी हे शिकलेलं काही दिवस बरोबर येतं, म्हणून हे वेगळं दुरुस्त करावं लागतं. याला सीबीटी-आय म्हणतात, निद्रानाशासाठीची वर्तन-चिकित्सा, आणि जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी हीच द्यायची असते. जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर पलंग सोडायचा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, भाजी निवडा, कपडे घडी करा, डोळे मिटायला लागले की परत. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवायचं, मोबाइल खोलीबाहेर. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. दुपारची झोप नाही, हे पहिले दोन आठवडे फार जड जातं, सांगून ठेवते. आणि मोजणं थांबवायचं. हॉर्न ऐकू येईल, येऊ दे, पण पुढच्याची वाट बघायची नाही, लक्ष श्वास सोडण्यावर, श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. ऐकायला साधं वाटतं, मी पेशंटना तीन आठवडे रोज करायला लावते तेव्हा कुठे बसतं.

मेडिकलमधून अल्प्राझोलम, म्हणजे झोपेसाठी सर्रास घेतली जाणारी चिंतेवरची गोळी, आणून घेऊ नका. शेजारणीने दिली, बहिणीला चालली, हे रोज ऐकते. पहिले आठ दिवस स्वर्ग वाटतो आणि मग तिच्याशिवाय झोपच नाही अशी अवस्था येते, ती सोडवायला आम्हाला महिने लागतात.

दिवसातून एकदा तरी शरीराला शांतता मिळू द्या. तुमच्या भागात सिंहगडाच्या पायथ्याकडे, खडकवासल्याच्या बाजूला पहाटे जाणारी मंडळी असतात त्यांना विचारा, किती हलकं वाटतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, त्या सगळ्या भीतीतसुद्धा, माझ्या दोन-तीन पेशंटनी फोनवर सांगितलं होतं की मॅडम, झोप लागतेय. हायवे जवळजवळ रिकामा होता. मला तेव्हा फार वाईट वाटलं, की या माणसांना मी वर्षभर गोळ्या देत होते.

कायद्याचं बटण पण आहे आणि ते वापरा, यश येवो न येवो. ध्वनिप्रदूषण नियमांत 2010 साली दुरुस्ती होऊन रहिवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला बंदी आलीय, शांतता क्षेत्रात, म्हणजे हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या आसपास, तर दिवसाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवला किंवा सायलेन्सर काढून गाडी चालवली तर पहिल्यांदा 1000 आणि नंतर 2000 रुपये दंड. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. हायवेवरच्या वाहत्या ट्रकवर याचा जोर चालत नाही हे मला माहीत आहे. पण ठरावीक ठिकाणी थांबून प्रवासी भरणाऱ्या, हॉर्न वाजवणाऱ्या खाजगी बसेस, सर्व्हिस रोडवरचे गॅरेज, रात्री रिव्हर्स घेणारे टँकर, यांचं सोसायटीच्या लेटरहेडवर, सह्या घेऊन, वेळांची नोंद जोडून दिलं तर फरक पडलेला मी बघितलाय. महिनाभर वही ठेवा, कोणता आवाज, किती वाजता, कुठून. हायवेच्या कडेला आवाज अडवणाऱ्या भिंती लावा अशीही मागणी होते, पण चौथ्या मजल्यावरून रस्ता सरळ दिसत असेल तर त्या भिंतीचा तुम्हाला उपयोग नाही, तळमजला-पहिल्याला होईल. मुंबईत डॉ. यशवंत ओक, सुमैरा अब्दुलअली यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं डेसिबल मोजून, कोर्टात जाऊन हा विषय लावून धरला म्हणून आज आपल्याकडे बोलायला नियम तरी आहेत. आणि मी हे औषध म्हणूनही सांगतेय. ज्या बायका सोसायटीत हा विषय हातात घेतात त्यांचा हायवे तोच राहतो, पण त्यांची धडधड कमी होते.

डॉक्टरांकडे कधी जायचं. तुमच्या बाबतीत मी थांबा म्हणणार नाही, आत्ताच जा. चौदा महिने झालेत, रडू येतंय, लेकीवर राग निघतोय. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण या वयातल्या बायकांमध्ये तिथेही धडधडीचं आणि चिडचिडीचं कारण सापडतं आणि ते सुटून जायला नको. तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "कधी कधी वाटतं सगळं एकदाचं बंद व्हावं." आवाज बंद व्हावा असं म्हणायचं असेल तर ठीक, पण स्वतःलाच संपवावंसं वाटत असेल तर आजच मिस्टरांना किंवा बहिणीला स्पष्ट शब्दांत सांगा आणि 14416 ला फोन लावा, टेलीमानस, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. आणि हे वाचून गप्प बसू नका, मला उत्तर लिहा यातलं कोणतं ते.

फ्लॅटचं आता. अर्धवट झोपेत घेतलेला मोठा निर्णय बहुतेक वेळा पळ काढण्यासाठी असतो, आणि होमलोन, स्टॅम्प ड्यूटी, नवीन घर यात आणखी सहा महिने झोप जाते. म्हणून आधी खोली बदला, फटी भरा, आठ आठवडे झोपेचे उपचार करा. त्यानंतरही तुम्ही आत्ता आहात त्याच्या निम्म्याने तरी बऱ्या नसाल तर माझं मत सरळ आहे, ते घर सोडा. विकायलाच पाहिजे असं नाही, भाड्याने द्या आणि स्वतः आतल्या बाजूला भाड्याने रहा. स्वतःचं घर असून भाड्याने राहता म्हणून नातेवाईक बोलतील, त्यांना बोलू द्या, त्यांची खिडकी हायवेवर उघडत नाही. माझ्या तीन-चार पेशंटनी हे केलं, आणि त्यातल्या एकीने दोन महिन्यांत मला न विचारताच गोळ्या मागण्याचं बंद केलं होतं. असं प्रत्येकीचं होईलच असं मी म्हणत नाही.

आणि पुढचं घर बघाल तेव्हा रविवारी सकाळी अकराला बघू नका, त्या वेळी सगळे रस्ते शांतच असतात. मधल्या वारी रात्री साडेअकराला जा, मग पुन्हा पहाटे पाचला जा. झोपायच्या खोलीत जाऊन खिडकी उघडा, जमिनीवर बसा आणि दहा मिनिटं काही न बोलता ऐका. लिफ्टचा मोटर, खालचा जनरेटर, पाण्याचा पंप हेही त्यात कळेल. एजंट कंटाळेल, त्याला थांबायला सांगा.